मुदतीपूर्वीची निवडणूक आणि लहान पक्षांचा विवेक

विधानसभेची मुदत पाच वर्षांची राहील असे राज्यघटनेच्या १७२ व्या अनुच्छेदाने सांगितले, आणि त्याच वाक्यात, ती त्याआधी विसर्जित न झाल्यास, अशी अटही घातली. या अटीने जी मोकळीक ठेवली तिच्या आधारे आपल्या राज्यांतील कित्येक सरकारे मुदतीआधी गेली, कित्येक सभागृहे बरखास्त झाली आणि मतदाराला पुन्हा मतपेटीपुढे उभे राहावे लागले. मोठ्या पक्षांच्या बाजूने या घडामोडींचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. परंतु ज्यांच्या चार-दोन मतांवर ती सरकारे तरली किंवा बुडाली त्या लहान पक्षांचे पुढे काय झाले, त्यांनी निवडणूक ओढवून घेतली ती हिशेब करून की संतापाच्या भरात, आणि नव्या सभागृहात त्यांच्या बाकांवर कोण येऊन बसले, याचा विचार करणारे लेखन आपल्याकडे तुरळकच आढळते. ही उणीव काही अंशी भरून निघावी, या हेतूने पुढील विवेचन योजले आहे.

हा विचार करताना खानापूर तालुका सतत दृष्टीसमोर ठेवला आहे. बेळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचा हा मुलूख. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी, घाटमाथ्यावरील जांबोटी, रेल्वेचा लोंढा, जुन्या बाजारपेठेचे नंदगड आणि कदंबांच्या वैभवाची साक्ष देणारी हलशी ही सारी याच तालुक्यात मोडतात. पूर्वेकडील इटगी, बिडी, पारिश्वाड या भागात कन्नड बोलणारे शेजारी नांदतात, आणि पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात मराठी घरोघरी बोलली जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने हा प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात घातला, आणि तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समितीने येथे निवडणुका लढविल्या, जिंकल्या आणि गमावल्याही. सत्ता मिळविणे हे जिचे उद्दिष्ट कधीच नव्हते, तरीही निवडणुकीवाचून जिचा आवाज विधानसभेत पोहोचू शकत नव्हता, अशा संघटनेच्या अनुभवातून लहान पक्षाचे बलाबल जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

प्रथम मूळ सिद्धांत सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व उदाहरणे त्याच्याच कसोटीवर तपासावयाची आहेत. लहान पक्षाचे सभागृहातील वजन त्याच्या आमदारांच्या संख्येवरून ठरते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते वजन दोन मोठ्या पक्षांच्या संख्याबळातील अंतरावरून ठरते. कोणालाही स्पष्ट बहुमत नसेल तर पाच आमदारांच्या गटाकडे मुख्यमंत्र्यांना स्वतः निरोप धाडावा लागतो. आणि एखाद्या पक्षाने बहुमताची रेषा ओलांडली की पन्नास आमदारांच्या गटाचे भाषणही रिकाम्या बाकांपुढे होते. निवडणूक लवकर घडवून आणणे म्हणजे हे अंतर स्वहस्ते पुसून टाकून नव्याने आखावयास लावणे होय. स्वतःच्या जागा वाढतील की घटतील एवढाच हिशेब करून जो पक्ष या मार्गाला लागतो त्याने अर्धाच हिशेब केलेला असतो. कारण जागा वाढूनही वजन नाहीसे होऊ शकते, आणि तसे झाल्याचे दाखले इतिहासात आहेत.

कर्नाटकाचाच इतिहास घ्यावा. १९८३ साली विधानसभेच्या २२४ जागांपैकी जनता पक्षाला ९५ आणि काँग्रेसला ८२ मिळाल्या. भारतीय जनता पक्षाचे १८ आमदार आले, डाव्या पक्षांचे मिळून ६, आणि अपक्ष म्हणून नोंदले गेलेले २२. रामकृष्ण हेगडे यांचे सरकार उभे राहिले ते या लहानसहान गटांच्या बाहेरून दिलेल्या टेकूवर. दोन वर्षेही पुरी होतात न होतात तोच, १९८४ च्या डिसेंबरात लोकसभेच्या २८ जागांपैकी २४ काँग्रेसकडे गेल्या, तेव्हा हेगडे यांनी नैतिक जबाबदारीच्या भूमिकेवरून राजीनामा देऊन नवा कौल मागितला. मार्च १९८५ च्या निवडणुकीत जनता पक्षाला १३९ जागा मिळाल्या. ज्या भारतीय जनता पक्षाने टेकू दिला होता तो १८ वरून २ वर आला. त्याने सरकार पाडले नव्हते, विश्वासघातही केला नव्हता. तरी मुदतीपूर्वीच्या निवडणुकीचा सर्वांत मोठा भार त्याच्याच माथी पडला. टेकू देणाऱ्याला आपल्या हाती सरकारची दोरी असल्याचा भास होतो, परंतु सभागृह विसर्जित करण्याची शिफारस राज्यपालांकडे नेण्याचा अधिकार मुख्यमंत्र्यांचा असतो, आणि लोकप्रियतेच्या लाटेवर स्वार झालेला मुख्यमंत्री तो अधिकार आपल्या सोयीच्या मुहूर्तावर वापरतो, हा धडा त्या निवडणुकीने घालून दिला.

सीमाभागाच्या दृष्टीने या प्रकरणाला एक उत्तरार्धही आहे. १९८६ च्या जून महिन्यात कन्नडसक्तीच्या विरोधात बेळगावात जे आंदोलन पेटले आणि ज्यात गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली, ते याच हेगडे सरकारच्या अमदानीत. १९८५ च्या बहुमताचा तो सरळ परिणाम होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही, कारण भाषाविषयक धोरणाची पाळेमुळे गोकाक अहवाल आणि १९८२ च्या चळवळीपर्यंत जातात. परंतु अपक्षांच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या सरकारला सीमाभागाचा शब्द ऐकून घेण्याची जी गरज असते ती १३९ आमदारांच्या सरकारला उरली नव्हती, एवढे तरी निःसंशय म्हणता येते.

दुसरे प्रकरण अधिक अलीकडचे आणि खानापूरकरांच्या आठवणीत ताजे आहे. २००४ च्या त्रिशंकू विधानसभेत भारतीय जनता पक्ष ७९, काँग्रेस ६५ आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) ५८ अशी विभागणी झाली होती. तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाने आधी एकाशी आणि मग दुसऱ्याशी संसार थाटून मुख्यमंत्रिपद मिळविले. परंतु २००७ च्या ऑक्टोबरात ठरल्याप्रमाणे सत्ता सुपूर्द करण्याची वेळ आली तेव्हा एच. डी. कुमारस्वामी यांनी नकार दिला. नोव्हेंबरात बी. एस. येडियुरप्पा यांचा शपथविधी झाला खरा, पण जनता दलाचा पाठिंबा न मिळाल्यामुळे आठवडाभरातच त्यांना पायउतार व्हावे लागले, आणि अखेर सभागृहच विसर्जित झाले. मे २००८ मध्ये तीन टप्प्यांत मतदान होऊन भारतीय जनता पक्षाला ११० जागा मिळाल्या आणि जनता दल ५८ वरून २८ वर घसरले. ज्याने निवडणूक ओढवली त्याचेच बळ निम्म्याहून कमी झाले.

त्या भांडणाशी खानापूरचा काडीमात्र संबंध नव्हता. २००४ साली तालुक्याने समितीचे दिगंबर पाटील यांना निवडून दिले होते आणि त्यांच्या मुदतीचे सुमारे वर्ष शिल्लक होते. बंगळूरच्या राजकारणात तो वर्षभराचा अवधी विरून गेला, आणि २००८ मध्ये येथून भारतीय जनता पक्षाचे प्रल्हाद रेमाणी निवडून आले. त्या निवडणुकीत समितीचा एकही आमदार विधानसभेत पोहोचला नाही. ती निवडणूक मतदारसंघांच्या नव्या पुनर्रचनेनुसार झाली होती; उचगाव आणि बागेवाडी हे जुने मतदारसंघ गेले आणि बेळगाव उत्तर, दक्षिण व ग्रामीण अशी नवी आखणी आली. निवडणूक वेळेवर, म्हणजे २००९ साली झाली असती तरी सीमा याच राहिल्या असत्या हे कबूल केले पाहिजे. परंतु नव्या सीमांत आपले कार्यकर्ते बसवावयास, गावोगावच्या कमिट्या नव्याने बांधावयास जो अवधी मोठ्या पक्षाला पैशाच्या बळावर विकत घेता येतो तो समितीसारख्या संघटनेला केवळ काळच देऊ शकतो, आणि अकाली निवडणुकीने नेमका तोच हिरावून घेतला.

चोर्ला घाट उतरून पलीकडे गेले तर गोव्यातही हेच घडलेले दिसते. १९७७ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला ३० पैकी १५ जागा मिळाल्या, काँग्रेसला १० आणि जनता पक्षाला ३. शशिकला काकोडकर यांचे सरकार १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वपक्षीयांच्या फुटीमुळे कोसळले, राष्ट्रपती राजवट आली, आणि जानेवारी १९८० च्या निवडणुकीत काँग्रेस (अरस) पक्षाला २० जागा मिळून मगो पक्ष ७ वर आला. विरोधी बाकांवरचा जनता पक्ष, ज्याला सत्ताधारी पडल्याचा आनंद झाला असणे स्वाभाविक होते, तो नव्या सभागृहात एकाही जागेवर दिसला नाही. मोठे झाड पडले की त्याच्या छायेतील झुडपांना ऊन मिळेल अशी आशा असते. पण झाड पडते तेव्हा प्रथम चिरडली जातात तीही झुडपेच.

परदेशांतील दोन प्रसंग या सिद्धांताची दुसरी बाजू उजळून दाखवितात. कॅनडात १३ डिसेंबर १९७९ रोजी जो क्लार्क यांचे अल्पमतातील सरकार अंदाजपत्रकावरून १३९ विरुद्ध १३३ मतांनी पडले. क्वेबेकमधून आलेल्या सोशल क्रेडिट पक्षाच्या पाच सदस्यांचा गट मदतीस धावला नाही. दोन महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत तो पक्ष लोकसभागृहातून समूळ नाहीसा झाला. ज्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने तो ठराव आणला त्याच्या जागा २६ वरून ३२ झाल्या. परंतु लिबरल पक्षाला स्वतःचे बहुमत मिळाल्यामुळे त्या ३२ जणांची कोणालाच गरज राहिली नाही. ब्रिटनमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात लिबरल डेमोक्रॅट आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी या दोन लहान पक्षांनी मुदतीपूर्वीच्या निवडणुकीची वाट मोकळी करून दिली. डिसेंबरात लिबरल डेमोक्रॅटांना ११ जागा मिळाल्या आणि त्यांच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःच्या मतदारसंघात पराभूत झाल्या. स्कॉटिश पक्ष ३५ वरून ४८ वर गेला. मात्र बोरिस जॉन्सन यांना ८० चे मताधिक्य मिळाल्याने वेस्टमिन्स्टरमधील दबावाची शक्ती त्याच्याही हातून निसटली. तथापि त्या पक्षाला एक गोष्ट लाभली, आणि तिचा विचार खानापूरने करण्यासारखा आहे: आपली भूमी आपल्याच मागे आहे याचा ताजा पुरावा.

येथेच सीमाभागातील संघटनेचा प्रश्न इतर लहान पक्षांहून वेगळा होतो. महाराष्ट्राने आपली मागणी ज्या तत्त्वांवर मांडली त्यांत खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या यांच्याबरोबर लोकेच्छा हेही एक तत्त्व आहे. लोकेच्छा मोजण्याचे अन्य साधन कोणी दिलेले नसल्यामुळे प्रत्येक निवडणूक त्या लोकेच्छेची साक्ष मानली गेली. १९६६ च्या ऑक्टोबरात नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात निपाणी, खानापूर आणि नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्रात घालण्याची शिफारस केली आणि बेळगाव मात्र म्हैसूर राज्यातच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला, अंमलबजावणी झाली नाही, आणि २००४ साली दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित आहे. या दीर्घ कैफियतीत विधानसभेतील एकेक जागा पुराव्याच्या कागदासारखी दाखल होत गेली. अन्य पक्ष हरला तर त्याचा उमेदवार हरतो. समिती हरली तर सीमाप्रश्नच संपला असे म्हणणारे आवाज दुसऱ्याच दिवशी उठतात. म्हणून अपुऱ्या तयारीने सामोरे जावे लागलेली निवडणूक येथे दुप्पट महाग पडते.

तयारी अपुरी पडते ती कशी, हे गावपातळीवर उतरून पाहिले पाहिजे. समितीचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या दप्तरी अपक्ष म्हणून नोंदले जातात. त्यामुळे कायम चिन्ह नाही. छाननी झाली, माघारीची मुदत संपली, की मग चिन्ह हाती येते. १९९६ साली बेळगाव लोकसभा मतदारसंघात सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी ४५६ उमेदवार उभे राहिले होते. त्याच वर्षी नलगोंडा आणि मोडकुरिची येथेही असेच घडले, आणि मग लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन लोकसभेची अनामत रक्कम ५०० वरून १०,००० रुपये झाली, अपक्षाला दहा सूचक आवश्यक ठरले, माघारीपासून मतदानापर्यंतचा किमान अवधी २० दिवसांवरून १४ दिवसांवर आला, आणि यादीत मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी व अपक्ष शेवटी असा क्रम लागला. म्हणजे पंधरवड्याच्या आत भीमगडच्या रानातील वाड्यावस्त्यांपर्यंत नवे चिन्ह पोहोचवायचे आणि ते यंत्रावर तळाशी शोधावयास म्हाताऱ्याकोताऱ्यांना शिकवायचे. मोठ्या पक्षाचे चिन्ह वर्षानुवर्षे भिंतीवर असते. त्याला निवडणूक केव्हाही आली तरी चालते.

पंचांगाचाही विचार येथे करावा लागतो. या तालुक्यातील कर्ती माणसे गोव्यात, पुण्यात, मुंबईत चाकरीला असतात. मे महिन्यात लग्नसराई आणि यात्रा-जत्रांच्या निमित्ताने ती गावी येतात. पावसाळ्यात कणकुंबीकडचे ओढे भरून वाहतात आणि कित्येक वस्त्यांची वाट बंद होते. वेळेवरच्या निवडणुकीचा महिना आधी ठाऊक असतो. अकाली निवडणूक कोणत्या महिन्यात येईल हे आयोग ठरवितो, आणि ती गैरसोयीच्या महिन्यात आली तर सर्वाधिक मते गळतात ती नेमकी पश्चिमेच्या मराठी पट्ट्यातली. शिवस्मारकात बसून उमेदवार ठरविणाऱ्या तालुका समितीला या साऱ्याचा अंदाज असतो. बंगळुरात बसून सरकार पाडण्याची भाषा करणाऱ्यांना तो नसतो.

तयारीतील सर्वांत मोठा घटक मात्र एकी हा आहे, आणि ती घाईत होत नाही. २०१३ साली समितीने एकदिलाने काम केले तेव्हा खानापुरातून अरविंद पाटील आणि बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील निवडून आले. २०१८ साली खानापुरात समितीचे दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिले, मराठी मते दोन वाटांनी गेली, आणि काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर विजयी झाल्या. २०२३ मध्ये भारतीय जनता पक्षाचे विठ्ठल हलगेकर आले. या दोन्ही निवडणुका वेळेवरच झाल्या होत्या. ज्या संघटनेला वेळेवरच्या निवडणुकीतही एक नाव ठरविता आले नाही, तिला सहा आठवड्यांच्या सूचनेवर ते ठरविता येईल असे मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. हे लिहिताना मनाला यातना होतात. परंतु ज्यांना हा लढा आपला वाटतो त्यांनीच हे स्पष्ट बोलले पाहिजे.

याचा अर्थ लहान पक्षाने सरकार पाडण्याचे धैर्य कधीच करू नये, असा मात्र नाही. जो गट काहीही झाले तरी टेकू काढणार नाही अशी सत्ताधाऱ्यांची खात्री पटते, त्याच्या अर्जाला कचेरीत धूळ चढते. आणि तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला असताना केवळ जागा जाईल या भयाने गप्प बसणारा प्रतिनिधी ती जागा नैतिकदृष्ट्या आधीच गमावून बसलेला असतो. १९६६ च्या अखेरीस गोव्यात दयानंद बांदोडकर यांच्या मगो पक्षाच्या सरकारने जनमत कौलाआधी सत्ता सोडली; कौल पक्षाच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या भूमिकेविरुद्ध गेला, तरी पुढील निवडणुकीत लोकांनी त्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर आणले. प्रश्न स्वच्छ होता आणि त्यासाठी पक्षाने काय सोडले हे प्रत्येक गावाला दिसले होते, ही गोष्ट त्या यशात मोलाची ठरली. निवडणूक ओढवून घ्यावयाची तर तिचे कारण चावडीवर एका वाक्यात सांगता आले पाहिजे, उमेदवार एकच असला पाहिजे, आणि राज्यभर कोणती लाट उठते याची पर्वा न करता आपल्या मातीत आपण उभे राहू अशी खात्री पाहिजे. यांतील एकही गोष्ट नसताना घेतलेला निर्णय शूरपणाचा दिसला तरी त्याची किंमत ज्यांना विचारले गेले नाही त्या मतदारांना द्यावी लागते.

काळाने या हिशेबात आणखी दोन बाबी घातल्या आहेत. २०१९ च्या जुलैत कुमारस्वामी यांचे आघाडी सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनी पडले, पण सार्वत्रिक निवडणूक झालीच नाही. आमदारांनी राजीनामे दिले आणि डिसेंबरात पोटनिवडणुका झाल्या, ज्यांत बेळगाव जिल्ह्यातील गोकाक, अथणी आणि कागवाड हेही मतदारसंघ होते. सरकार बदलण्याची ही नवी रीत रूढ झाल्यापासून लहान पक्षाच्या हातातील निवडणुकीचा धाक बोथट झाला आहे. दुसरे असे की, १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलेल्या १२९ व्या घटनादुरुस्ती विधेयकात, मुदतीआधी विसर्जित झालेल्या सभागृहाच्या जागी येणारे सभागृह केवळ उरलेल्या मुदतीपुरते राहील, अशी तजवीज आहे. ती मंजूर झाली तर खर्च, श्रम आणि धोका पूर्ण निवडणुकीचा, आणि फळ वर्ष-दोन वर्षांचे, असा व्यवहार होईल. तो मोठ्या पक्षाला परवडेल, लहानाला परवडणे कठीण.

या सर्व विवेचनातून जो निष्कर्ष निघतो तो खानापूरच्या कार्यकर्त्यांपुढे आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक लहान पक्षापुढे आदरपूर्वक ठेवतो. निवडणूक केव्हा यावी हे ठरविण्याचे सामर्थ्य आपल्या हाती क्वचितच येईल. परंतु ती केव्हाही आली तरी आपण एक असू, हे ठरविणे सर्वस्वी आपल्याच हाती आहे. ज्या तालुका कमिटीने उमेदवार निवडीची रीत, गावकमिट्यांची नोंद आणि आपसातील वाद मिटविण्याची व्यवस्था शांततेच्या काळात बांधून ठेवली, तिला मुदतीपूर्वीच्या निवडणुकीचे भय उरत नाही, आणि जिला भय उरत नाही तिच्याच पाठिंब्याला सभागृहात मोल येते. पुढील प्रकरणे वाचताना वाचकांनी सरकारे कशी पडली याहून हे काम कोणी केले आणि कोणी टाळले याकडे अधिक लक्ष द्यावे, अशी विनंती आहे.